गोल कुणामुळे उमटला?

मुलांनो, कडुलिंबाचा पाला तुम्ही गुढीपाडव्याला चाखला असेलच. (तोंडं वाकडी करू नका!) तोच पाला आज आपल्याला प्रयोगशाळेत न्यायचाय.

पाला धुऊन पाण्यात उकळतात. काढा गाळून त्यात झिंक नायट्रेट हा जस्ताचा क्षार घालतात. काढ्यातली काही द्रव्यं जस्ताला धरून ठेवतात, त्याचे मोठे गठ्ठे होऊ देत नाहीत. मिश्रण आटवून भट्टीत सुमारे ४०० अंश सेल्सिअसला तापवलं, की उरते झिंक ऑक्साइडची पूड. पाल्यामुळे काही घातक रसायनं टळतात, म्हणून ही ‘हरित’ पद्धत. पूड मात्र पांढरी असते हं!

आणि किती बारीक? पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण १०० नॅनोमीटरहूनही लहान! ई. कोलाय हा जंतू साधारण २००० नॅनोमीटर लांब असतो. म्हणजे कलिंगडापुढे वाटाणाच की!

आता परीक्षा. काचेच्या बशीत अगारची जेली ओतून तिच्यावर जंतू पसरतात. जेलीत छोटा खड्डा करून त्यात पुडीचं पाणी घालतात आणि बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी बशीभर जंतूंचा दुधट थर, पण खड्ड्याभोवती स्वच्छ गोल! कणांमुळे जंतूंचं आवरण बिघडतं आणि ते तिथे वाढत नाहीत.

हे वर्गात सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, “पण बाई, कडुलिंबाच्या रसानंच जंतू मेले असतील तर?”

मी क्षणभर गप्पच! अहो, हाच तर संशोधकांचा प्रश्न. म्हणूनच त्याच बशीत आणखी खड्डे करतात. एकात नुसता काढा, एकात नुसता जस्ताचा क्षार, एकात साधं पाणी. मग सगळे गोल पट्टीनं मोजायचे. काढ्याचा गोलही तेवढाच मोठा निघाला, तर पुडीला शाबासकी कशी द्यायची? एवढी खटपट अशासाठी, की पुष्कळ जंतू आता जुन्या औषधांना दाद देत नाहीत. असं होईल हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ सालीच बजावलं होतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मग बाई, ही पूड खरचटल्यावर लावू?”

नाही रे बाबा! बशीत नुसते जंतू असतात. जखमेत आपल्या जिवंत पेशीही असतात आणि कण जास्त झाले तर त्यांनाही इजा होते. शिवाय असली पूड श्वासातून छातीत जाणं वाईटच. तेव्हा घरी भट्टी पेटवायची नाही, कळलं?