एक कुलूप, अनेक किल्ल्या

पेशीतील काही प्रथिने कुलपांसारखी असतात. विशिष्ट घडणीचा रेणू त्यांत येऊन बसला की ती जागी होतात व पेशीचे वर्तन बदलते. त्यांस ‘ग्राही’ म्हणतात. आज ज्या ग्राहीविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याची पहिली ओळख विषामुळे झाली. १० जुलै १९७६ रोजी इटलीत सेव्हेसोजवळच्या रसायन कारखान्यातून डायऑक्सिनचा ढग सुटला आणि अनेक बालकांच्या त्वचेवर व्रण उठले. त्याच वर्षी अमेरिकेत ॲलन पोलंड व सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतात डायऑक्सिनला घट्ट धरणारे प्रथिन दाखवून दिले. हाच तो अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर. विषाचा सोबती म्हणून त्याची अपकीर्ती झाली. पण कारखाने कालचे, हा ग्राही कोट्यवधी वर्षांचा!

त्याच्या खऱ्या किल्ल्या आतड्यातच सापडतात. कोबी, मुळा, मोहरीचा पाला चिरला वा चावला की इंडोल-३-कार्बिनॉल तयार होते, आणि जठराच्या आम्लात त्यापासून ग्राहीला जागवणारे रेणू बनतात. डाळी, अंडी, मासे यांतील ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातील लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणूही अशा किल्ल्या घडवितात.

मग भाजी हितकर आणि डायऑक्सिन घातक का? ग्राही जागा झाला की पेशी एक विकर निर्माण करते. ते भाजीचे रेणू लवकरच मोडते व संदेश थांबतो. डायऑक्सिन मात्र त्याला दाद देत नाही; मानवी देहातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास ७ ते ११ वर्षे लागतात. म्हणजे भाजीची किल्ली रोज नवी लागते.

आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील ब्रिगिटा स्टॉकिंगर यांच्या गटाने २०१८ साली दाखविले की, हा ग्राही नसलेल्या उंदरांत अस्तराच्या मूलपेशी विभागतच राहतात, परिपक्व होत नाहीत आणि गाठींचा धोका वाढतो. इंडोल-३-कार्बिनॉलयुक्त आहाराने ग्राहीचे संदेश क्षीण असलेल्या उंदरांना संरक्षण मिळाले. हे उंदरांचे निष्कर्ष आहेत. कोबी हे कर्करोगाचे औषध नव्हे, हे आम्ही निःसंदिग्धपणे नोंदवितो.

तथापि येथे वाढणारी आपली मुले पाकिटातील अन्नावर रमली आहेत, आणि शाळेच्या जेवणातील लगदा झालेली कोबी पाहता त्यांना दोष तरी कसा द्यावा? शिवाय फार उकळल्याने इंडोल-३-कार्बिनॉल घडविणारे भाजीतले विकरच नष्ट होते. त्यापेक्षा आजीच्या हातची, लिंबू पिळलेली कच्च्या कोबीची पचडी बरी. तीत ते विकर शाबूत असते.