हमखास शिकारीचे ढोंग

रानातले जनावर कोणाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. म्हणूनच 'आठ दिवसांत सिंह हमखास' असे अभिवचन ऐकताच शहाण्या गिऱ्हाइकाला संशय यावयास हवा. आफ्रिकेत शिकारीसाठी जाणारा अमेरिकन वा युरोपीय धनिक परवाने, वाटाडे, मुक्काम, कातडे कमावण्याची व्यवस्था हे सारे सहलीच्या आयोजकावर सोपवितो. तिकडे त्याला 'आउटफिटर' म्हणतात. आयोजक कोणता निवडला, हाच या व्यवहारातील खरा नैतिक प्रश्न आहे. आणि नेमकी त्याकडेच पाठ फिरविली जाते.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण पाहावे. तेथे तीनशेहून अधिक केंद्रांत मिळून सुमारे आठ हजार सिंह कुंपणाआड पोसले गेल्याचा अंदाज आहे. बछडी जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईपासून तोडली जातात. पर्यटक पैसे मोजून त्यांना बाटलीने दूध पाजतात, मांडीवर घेऊन छायाचित्रे काढतात. माणसाला सरावलेली हीच जनावरे मोठी झाली की त्यांतील कित्येक बंदिस्त आवारात 'शिकारी'साठी सोडली जातात. हाडांचाही व्यापार झाला. २०१७ साली ८०० सांगाड्यांच्या निर्यातीला तेथील सरकारनेच मुभा दिली होती. याला पराक्रम म्हणावयाचे, तर खाटिकखान्यालाही रणांगण म्हणावे लागेल!

गिऱ्हाइकाची सबब ठरलेली असते. २०१५ साली झिंबाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानालगत सेसिल हा सिंह मारला गेला. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा पट्टा होता. बाणाने जखमी झालेला तो प्राणी कित्येक तासांनी गतप्राण झाला. जगभर संताप उसळताच अमेरिकन शिकाऱ्याने सांगितले की, शिकार कायदेशीर असल्याबाबत आपण स्थानिक वाटाड्यांवर विसंबलो होतो. पुढे झिंबाब्वे सरकारनेही त्याची कागदपत्रे नियमानुसार असल्याचे मान्य केले. कागद शुद्ध असला म्हणजे कृत्य शुद्ध ठरते काय?

शिकारीच्या पैशातूनच जंगले वाचतात, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही, असे नव्हे. नामिबियात १९९६ च्या कायद्याने ग्रामसमूहांना वन्यजीवांवर हक्क मिळाले. शिकारीचे उत्पन्न आणि मांस गावापर्यंत पोहोचू लागले. परंतु हे समर्थन ज्याचे त्यालाच शोभते. जमीन कोणाची, किती जनावरे मारावयाची हे कोणी ठरविले, प्राणी रानात जन्मला की पिंजऱ्यात, गावाच्या हाती काय पडते, आणि शिकार न मिळण्याची शक्यता आयोजक प्रामाणिकपणे सांगतो काय, या पाच प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यानेच संरक्षणाची भाषा करावी. बंदिस्त सिंहांच्या व्यापाऱ्यांना तो अधिकार नाही. 'सफारी क्लब इंटरनॅशनल' या शिकाऱ्यांच्याच बलाढ्य संघटनेनेही २०१८ साली अशा शिकारींच्या जाहिराती नाकारल्या. दक्षिण आफ्रिकेच्या मंत्रिमंडळानेही २०२४ साली हा धंदा संपविण्याचे धोरण मंजूर केले. मात्र धोरण आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असते, हे भारतीयांना कोणी शिकवावयास नको.

भारतानेही हा बाजार पाहिला आहे. स्वातंत्र्यानंतरही परदेशी पाहुण्यांना वाघ मारवून देणाऱ्या कंपन्या येथे होत्या. त्यांतील एक नामांकित कंपनी नागपुरातून चाले. परकीय चलन मिळते, हेच तेव्हाचेही समर्थन होते. १९७२ च्या गणनेत अवघे १,८२७ वाघ उरल्याचे दिसले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प. २०२२ च्या गणनेने वाघांची सरासरी संख्या ३,६८२ अंदाजिली. गणनेच्या पद्धती बदलल्या हे खरे; पण डॉलरवाचून वाघ जगला, हे नाकारता येत नाही.

हा प्रश्न मराठी मध्यमवर्गालाही परका नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबापुढे सिंहाचे बछडे कुरवाळण्याचा कार्यक्रम येऊ शकतो. मोठा झाल्यावर या बछड्याचे काय होते, एवढे सहल कंपनीला विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो कार्यक्रम ठामपणे नाकारावा. बंदूक न उचलताही माणूस शिकारीचा भागीदार होतो. तिकिटाचे पैसे तेवढ्यासाठी पुरेसे असतात.