रहाणे बरोबर निघाला, तरी पैसे गेले



मार्च लागला की आमच्या अफजलपूरच्या घरी दोन गोष्टी तापायला लागतात. एक ऊन आणि दुसरी आयपीएलच्या आधीची भांडणं. संध्याकाळी कट्ट्यावर पाणी मारलं की पुतण्या दुकान बंद करून येतो, पीयूसीला असलेली नात पुस्तक मिटून येते, पुण्याहून नातू व्हिडिओ कॉलवर हजर होतो आणि मी माझी वही काढतो. यंदा कोणता खेळाडू स्वस्तात गेलाय, कोण उगाच महाग झालाय, कोणता संघ कितवा येणार, यावर दोन-दोन तास वाद चालतो. घरात मराठी, बाजारात कानडी असलं आमचं सीमेवरचं घर. त्यामुळे अर्धे बेंगळुरूचे, अर्धे मुंबईचे, आणि मी एकटा चेन्नईचा. सौभाग्यवती आतून ओरडते, "सामना सुरू व्हायला अजून पंधरा दिवस आहेत, आत्ताच कशाला घसा कोरडा करताय?"

पण मंडळी, खरी मजा सामन्याआधीच असते. सामन्यात निकाल दिसतो. आधीच्या वादात माणसाची नजर दिसते.

ही सवय मला आयपीएलनं लावलेली नाही. १९७१ साली मी सोलापूरला बी.कॉम. करत होतो, होस्टेलवर राहत होतो. वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला निघाला होता. पतौडींना बाजूला करून वाडेकरांना कप्तान केलं होतं, तेही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं, त्यामुळे आधीच वादळ होतं. दिलीप सरदेसाई त्या संघात हवेत का, यावर आमच्या खोलीत रात्रभर वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं, "त्यांचे दिवस संपले." आमच्यातला एकच पोरगा अडून बसला होता, "वेगवान गोलंदाजीला उभा राहणारा माणूस आहे, बघा तुम्ही." हरेल त्यानं चहा पाजायचा ठरलं. मडगावच्या त्या माणसानं पहिल्याच कसोटीत २१२ काढल्या आणि मालिकेत ६४२. नवख्या गावसकरनं ४ कसोट्यांत ७७४ केल्या म्हणून सगळं जग त्यांचं नाव घेतं, पण मला सरदेसाई जास्त आठवतात. कारण त्यांच्यामुळे मला नऊ जणांना चहा पाजावा लागला.

पुढे बँकेत लागलो आणि हेच काम पोटापाण्याचं झालं. कर्जाचा अर्ज समोर आला की हा माणूस फेडेल का, हे ओळखायचं. नवीन होतो तेव्हा घर, गाडी, कडक इस्त्री बघून भुलायचो. एका बंगलेवाल्याला दिलेलं कर्ज वसूल करताना चपला झिजल्या, आणि शिलाई मशिनसाठी दीड हजार मागायला आलेल्या बाईंनी एकही हप्ता चुकवला नाही. तेव्हा कळलं की दिसणारी किंमत आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयपीएलचा लिलाव मी याच नजरेनं बघतो. आमच्या पुण्याचा ऋतुराज गायकवाड घ्या. चेन्नईनं त्याला २०१९ च्या हंगामासाठी २० लाखांत घेतला. पहिलं वर्ष बाकावर बसून काढलं. २०२१ ला ६३५ धावा करून ऑरेंज कॅप त्याच्या डोक्यावर. २०२५ ला त्यालाच संघात ठेवायला चेन्नईला १८ कोटी मोजावे लागले. रजत पाटीदारला २०२२ च्या लिलावात कोणी घेतलंच नव्हतं. बदली खेळाडू म्हणून २० लाखांत आला आणि बाद फेरीत लखनौविरुद्ध नाबाद ११२. आपला पालघरचा शार्दूल ठाकूर २०२५ च्या लिलावात विकला गेला नाही. कोणी जायबंदी झाला म्हणून लखनौनं २ कोटींत घेतला, आणि दुसऱ्याच सामन्यात हैदराबादला जाऊन त्यानं ४ बळी काढले. आणि त्याच हंगामात २७ कोटींचा ऋषभ पंत? सगळ्या मिळून २६९ धावा, त्यातल्या नाबाद ११८ शेवटच्या साखळी सामन्यात. पंत वाईट खेळाडू नाही. किंमत त्याच्या मागच्या आठवणींची होती, त्या हंगामाची नव्हती.

म्हणून पोरांना मी तीन प्रश्न शिकवले. एक, याला संघात काम काय मिळणार? सलामीला येणार की सातव्या नंबरावर? दुसरा, याच्या पुढे रांगेत कोण उभा आहे? आणि तिसरा, लोक याला किती देतायत? पहिल्या दोन उत्तरांच्या मानानं तिसरं कमी असेल, तर तो स्वस्त माल. फँटसी क्रिकेटच्या ॲपवर हेच चालतं. शंभर क्रेडिटमध्ये अकरा खेळाडू बसवायचे. कप्तानाचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट. महागडे तीन घेतले की उरलेल्या पैशात स्वस्त आणि चांगले शोधावेच लागतात. नातवाला हे सगळं फार पटलं. मला अभिमान वाटायचा.

आता जे सांगणार आहे ते घरातल्या दोघा-तिघांनाच माहीत होतं. नातवाला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "लिही आज्जा, दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल."

२०२३ ची गोष्ट. नातू कलबुर्गीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हंगामाआधी वहीत त्यानं लिहिलं होतं : अजिंक्य रहाणे, ५० लाख, यंदाचा सगळ्यात स्वस्त माल. आम्ही सगळे हसलो. पुतण्या म्हणाला, "अरे, तो टेस्टचा माणूस. संघात तरी बसेल का?" पहिल्या दोन सामन्यांत बसला नाहीच. मग ८ एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याला घेतलं आणि त्यानं २७ चेंडूंत ६१ ठोकल्या. पुढे कोलकात्याला २९ चेंडूंत नाबाद ७१. नातवाचा फोन आला, "बघितलंस आज्जा?" मी गल्लीत सांगत सुटलो, माझ्या नातवाची नजर बघा म्हणून.

जूनमध्ये त्याची फी भरायची वेळ आली आणि खात्यात पैसे नव्हते. ४१ हजार गेले होते.

मुलाचा पारा चढला, सून रडायला लागली. मी काहीच बोललो नाही. स्टेटमेंट छापून आणलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांची खाती वाचली, आता घरचं वाचायची वेळ आली. ४९ रुपये, ४९, ९९, ४९, १४९... छोट्या छोट्या रकमा. पण वेळ बघा मंडळी : बहुतेक सगळ्या संध्याकाळी सात ते साडेसात. सातला नाणेफेक होते, अकरा कोण ते कळतं, आणि साडेसातला पहिला चेंडू पडेपर्यंतच संघ लावता येतो. त्या अर्ध्या तासात पोरगं दहा-दहा, बारा-बारा संघ लावत होतं. रहाणेनं ६१ केल्या त्या रात्रीही रहाणे त्याच्या काही संघांत होता, काहींत नव्हता. जिथे होता तिथे कप्तान चुकला होता. म्हणजे नजर बरोबर ठरली आणि त्याच रात्री पैसेही गेले.

कुठलं ॲप, ते सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा तशी कितीतरी होती. कोणी त्याला फसवलं नव्हतं, नियम सगळे लिहिलेले होते. मला लागलं ते त्याचं एक वाक्य. मान खाली घालून म्हणाला, "आज्जा, तूच म्हणायचास ना, स्वस्त माल ओळखता आला की नुकसान होत नाही."

म्हटलं तर मी हे बोललो होतो. पण बँकेत आम्ही कर्जदार ओळखल्यावर त्याला पाच वर्षं द्यायचो. इथे त्या पोराला अर्धा तास होता.

मंडळी, हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर कोर्टात बरंच झालं. २०१७ ला पंजाब-हरियाणा हायकोर्टानं आणि २०१९ ला मुंबई हायकोर्टानं तो कौशल्याचा म्हटला. आमच्या कर्नाटकानं ऑक्टोबर २०२१ मध्ये कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. तेव्हा पुतण्या म्हणायचा, "काका, अक्कलकोटच्या हद्दीत कौशल्य आणि अफजलपूरच्या हद्दीत गुन्हा!" फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या हायकोर्टानं त्यातली मुख्य कलमं रद्द केली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळच बंद. भारतीय संघाच्या जर्सीवर ज्याचं नाव होतं, त्या ड्रीम इलेव्हननंही पैशाच्या स्पर्धा थांबवल्या.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. अकरा खेळाडू निवडायला कौशल्य लागतं, हे मी वही दाखवून सिद्ध करीन. पण लाखो संघांत पहिला येणं ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्यासारखाच रहाणे हजारोंनी ओळखलेला असतो. मग त्यांच्यात पुढे जायला कप्तान, उपकप्तान, अकरावा खेळाडू, सगळं त्या एका रात्रीपुरतं जुळावं लागतं. ते नशीबच. कॉमर्सवाल्याचा हिशोब साधा आहे. सगळ्यांनी मिळून शंभर रुपये टाकले तर कंपनी आपला वाटा आधी काढते आणि उरलेले वाटते. त्यातून जिंकलात तर निव्वळ कमाईवर ३० टक्के कर. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटीही आला. म्हणजे शंभर जण मिळून कधीच शंभर परत नेऊ शकत नाहीत. एखादा कोट्यधीश होतो आणि त्याचा फोटो छापून येतो. आमच्या पोराचं स्टेटमेंट कोण छापणार?

आणखी एक. पैसे लागले की विचार संपतो. हंगामाआधी नातू एका खेळाडूवर आठवडा-आठवडा विचार करायचा. पैसे लावायला लागल्यावर सगळे ज्याला घेतात त्याला घ्यायचा, नाहीतर घाबरून उलटंच काहीतरी करायचा.

पण म्हणून "क्रिकेटचं नावच काढायचं नाही," असं जे काही घरांत झालं, तेही मला पटत नाही. आमच्याकडेही मुलानं तेच फर्मान काढलं होतं. वही माळ्यावर गेली. २०२४ चा मार्च कट्ट्यावर मुकाट गेला. पोरं आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसली आणि मी टीव्हीपुढे एकटा. मला वाटलं, आपण जुगाराबरोबर गप्पासुद्धा जप्त केल्या. म्हणून २०२५ ला मीच शिडी लावून वही खाली काढली. मुलाला म्हणालो, "जबाबदारी माझी."

नियम आता असे आहेत. हंगामाच्या आधी प्रत्येकानं पाच स्वस्त खेळाडू आणि दहा संघांचा क्रम लिहायचा, सही करायची. मध्ये बदल नाही, खाडाखोड नाही. कारण लिहिलं पाहिजे, नुसतं नाव चालणार नाही. पैसा एक नाही. हरेल त्यानं घरच्यांना शेंगाची पोळी खाऊ घालायची.

२०२५ ला मी चेन्नईला पहिलं लिहिलं. चेन्नई दहावी, म्हणजे शेवटची आली. नातीनं बेंगळुरूला पहिलं लिहिलं होतं. कारण काय दिलं होतं, तर "या वेळी नुसती मोठी नावं नाहीत, गोलंदाजी आहे." आम्ही थोरांनी "ई साला कप नमदे" म्हणून तिची टिंगल केली होती. ३ जूनला पंजाबला ६ धावांनी हरवून अठराव्या हंगामात बेंगळुरूनं पहिला कप घेतला. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत ११ जीव गेले, त्यामुळे आनंद कुणाला नीट करता आला नाही. पोळ्या मी नंतर खाऊ घातल्या. पण वहीतलं तिचं पान मी पुन्हा वाचलं. घरात सामने सगळ्यात शांतपणे तीच बघते आणि आजवर तिला कोणी मत विचारलंच नव्हतं. स्वस्त माल ओळखण्याच्या गप्पा मी मारतो, आणि घरातलीच नजर मला कळली नव्हती.

नातवाची फी मी ठेव मोडून भरली होती. परत मागितली नव्हती. गेल्या वर्षी पुण्यात नोकरी लागल्यापासून दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यात दोन हजार येतात. मी काही म्हणत नाही, तोही काही म्हणत नाही. एक हप्ता चुकलेला नाही.

यंदाची पानं भरत आली आहेत. शार्दूल २ कोटींतच लखनौहून मुंबईला आलाय. पुतण्याचं म्हणणं, त्याला चार षटकंही मिळणार नाहीत. सरफराज खान ७५ लाखांत चेन्नईला, म्हणून मी खूश. पृथ्वी शॉ ७५ लाखांत दिल्लीला. नातू म्हणतो, महाराष्ट्राकडून खेळताना रणजीत चंदीगडविरुद्ध द्विशतक मारलंय, विसरू नका. नातीनं मात्र तीन दिवस झाले, वही स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलीय. पहिल्या सामन्याआधी दाखवणार नाही म्हणते.

तुमच्या घरी या वादात कोण बसतं आणि कोणाला विचारलं जात नाही, जरूर लिहा. आणि तुमचा यंदाचा स्वस्त माल कोण, तेही सांगा. कारणासकट हं!