दोन घरचा पाहुणा

मराठीच्या मास्तराने विजेच्या गिटारीवर लिहावे हे वाचकांना जरा विपरीत वाटेल. पण शिकण्यासाठी आमच्याकडे राहिलेला भाचा ती वाजवतो आणि गेले वर्षभर आमच्या घरात ज्ञानेश्वरीपेक्षा ॲम्प्लिफायरचाच विषय अधिक निघतो. त्याला माझा इलाज नाही!

विजेची गिटार स्वतः फारशी बोलतच नाही. तारांखालच्या चुंबकांपाशी उठलेला विजेचा बारीकसा संदेश ॲम्प्लिफायर मोठा करतो आणि तो पेटीतल्या स्पीकरमधून बाहेर पडतो. त्या पेटीची गुरगुर, तिची धार, तिची ऊब, हे सारे वाद्याचेच अंग. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन गिटारीपुढे नव्हे, पेटीपुढे मांडतात; आणि कुठे मांडावा यातच सारी मेख आहे. स्पीकरच्या मध्यासमोर धरला की आवाज टोकदार. तोच दोन बोटे कडेला सरकवा, लगेच मऊ आणि गोल. शुअर या अमेरिकन कंपनीचा १९६५ साली निघालेला एसएम ५७ या कामी जगभर वापरतात. रिबन जातीच्या मायक्रोफोनात ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी असते. तो हीच धार सौम्य करून सांगतो. मग माणसाला वाटणारच, की एकाकडून धार घ्यावी, दुसऱ्याकडून ऊब!

भाचेबुवांनी तेच केले. पेटी आणली होती दोन वर्षे शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून. एक मायक्रोफोन स्वतःचा, दुसरा मित्राचा. एकेकटा ऐकला तर दोन्ही खणखणीत. एकत्र केले की आवाज आजारातून उठल्यासारखा. महिनाभर पोरगा झुरला. शेवटी एका रात्री पानावर बसल्या बसल्या म्हणाला, “मामा, पेटी विकून टाकतो. तिच्यात दोष नसेल, तर माझ्या हातांत असेल.” मामीच्या हातातला डाव भातातच राहिला.

दोष दोहोंतही नव्हता. आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी एका चहात उलगडा केला. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक मायक्रोफोन दुसऱ्याच्या १७ सेंटिमीटर मागे असेल, तर तोच स्वर त्याच्याकडे अर्धा सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशाने काय बिघडते? सेकंदाला १००० कंपने घेणाऱ्या स्वराचे नेमके अर्धे कंपन तेवढ्यात होऊन जाते. एकाकडे लाटेचा माथा, दुसऱ्याकडे खळगा; दोघांचा जोर सारखा असेल तर बेरीज शून्य! ३००० ला तेच, ५००० ला तेच. २००० ला मात्र दोघे मिळून जोर करतात. आवाजातून जणू फणी फिरते आणि दाताच्या जागी स्वर खरवडले जातात. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तो असा.

मामीची शिवणाची टेप निघाली आणि दोन्ही मायक्रोफोन स्पीकरपासून सारख्या अंतरावर आले. पण मायक्रोफोनचा खरा कान जाळीमागे किती आत आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून टेप पुरी पडत नाही. त्यावर जाणत्यांची एक युक्ती आहे. एका मायक्रोफोनची लाट बटण दाबून उलटी करायची आणि आवाज अगदी भिकार होईल अशी जागा केसाकेसाने सरकवत शोधायची. सापडली की बटण पुन्हा सुलटे! वजाबाकी जिथे नेमकी, तिथेच बेरीजही नेमकी. वाईटाचा इतका कसून शोध घेणारी विद्या मी दुसरी पाहिली नाही.

अंतर नेहमीच वैरी असते असेही नव्हे. लेड झेपेलिन या इंग्रज बँडच्या १९६९ साली निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी जिमी पेजने जवळच्या मायक्रोफोनखेरीज आणखी एक पेटीपासून दूर, वीस फुटांपर्यंत नेऊन ठेवला होता. इतक्या लांबून फणीचे दात फार दाट होतात. कानाला ते जाणवत नाहीत, जाणवते ती खोली.

पेटी विकली गेली नाही. आमची बैठकीची खोली मात्र दहा बाय बारा. परवा भाचा टेप घेऊन दाराबाहेर जिना मोजत होता.