नापास नमुन्यांची किंमत

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल अंबरनाथला थांबते. तेथील एका सरकारी कारखान्याचे नाव ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’ असे आहे. ठाणे-डोंबिवलीच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कानांवरून ते गेले असेल. प्रोटोटाइप म्हणजे प्रायोगिक नमुना. कोणतेही यंत्र मोठ्या संख्येने बनविण्यापूर्वी त्याचे एक-दोन नमुने तयार करून त्यांची कसून परीक्षा घेतात. नमुना पास झाला तर त्याची हजारो भावंडे जन्माला येतात. नापास झाला तर तो बहुधा भंगारात जातो. माझ्या मते हे नापास नमुनेच अधिक काळजीने जपायला हवेत.

युरोप-अमेरिकेतील काही संग्राहक विसाव्या शतकाच्या आरंभीची प्रायोगिक पिस्तुले जमवितात. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यानेच रिकामे काडतूस बाहेर पडावे व नवे आत यावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. इंग्लंडमधील गॅबेट-फेअरफॅक्स यांनी तिच्यावर ‘मार्स’ नावाचे पिस्तूल बनविले. ब्रिटिश लष्कराने ते तपासले आणि नाकारले. सुमारे ८० नगच तयार झाले आणि १९०२ मध्ये संशोधकाचे दिवाळे निघाले.

ते नापास का झाले? नववी-दहावीच्या गणिताने पाहू. ढोबळ मानाने गोळी १४ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला ३६५ मीटर आणि पिस्तूल १.४ किलोग्रॅमचे धरा. गोळीचा संवेग सुमारे ५.१ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार पिस्तुलाला तेवढाच संवेग उलट दिशेने मिळणार. म्हणजे ते सेकंदाला सुमारे ३.६ मीटर वेगाने हातावर आदळणार! नळीतून सुटणाऱ्या वायूंचा धक्का तर यात धरलेलाच नाही. शिवाय यंत्ररचना गुंतागुंतीची होती. गोळीचा जोर वाढविताना हात माणसाचा आहे, याचा हिशेब राहून गेला होता.

याउलट अमेरिकी लष्कराने १९०७ पासून कोल्ट, सॅव्हेज आणि लुगर यांच्या नमुन्यांची तुलना सुरू केली. लुगर मधेच बाहेर पडले. मार्च १९११ मधील अखेरच्या चाचणीत प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. सॅव्हेज ३७ वेळा अडले, कोल्ट एकदाही नाही. कोल्टची निवड झाली. पण तोपर्यंतच्या चाचण्यांतून कोल्टच्या नमुन्यातही वारंवार सुधारणा झाल्या होत्या, हे विसरू नये.

शस्त्रे ही कौतुकाने मिरविण्याची वस्तू नव्हे, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे बंधन आहे, ते योग्यच आहे. अशा वस्तूंची जागा संग्रहालयात असावी. केवळ दुर्मिळ म्हणून मोठ्या किमतीला विकत घेऊन तिजोरीत कुलूपबंद केलेला नमुना कोणालाच काही शिकवीत नाही. नमुन्याशेजारी त्याच्या चाचणीचा अहवाल असेल, तरच तो बोलू लागतो.

हेच शाळेलाही लागू आहे. विज्ञान प्रदर्शनात आपण फक्त चालणारी उपकरणे मांडतो. न चाललेला पंप आणि न उडालेले विमान आदल्या रात्रीच केराच्या टोपलीत जाते. मग मुलांना वाटते की, शोध पहिल्याच फटक्यात लागतात! शिक्षकांना माझी सूचना आहे की, प्रत्येक प्रयोगशाळेत एक कप्पा फसलेल्या उपकरणांसाठी राखावा. प्रत्येकाला एक चिठ्ठी लावावी: काय अपेक्षित होते, काय घडले, कारण कोणते असावे. पुढच्या वर्षीची मुले तेथून पुढे जातील. तीच चूक नव्याने करण्यात त्यांचे वर्ष वाया जाणार नाही.