कादंबरीतली तलवार, पडद्यावरची तलवार

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी सहा-साडेसहाला गेलात, तर ओहोटीने मोकळ्या केलेल्या ओल्या वाळूत काही पोरं लाकडी तलवारी घेऊन सराव करताना दिसतील. कुणी फायटर आहे, कुणी ज्युनिअर आर्टिस्ट, कुणी हिरो व्हायचं म्हणून गाव सोडून आलेला. मी यारी रोडला राहतो, सकाळी चालायला तिथेच जातो. त्यातल्या साताऱ्याकडच्या एका पोराशी चहाच्या टपरीवर ओळख झाली. एकदा तो सांगत होता, ‘‘काका, एका ऐतिहासिक पिक्चरला मी सकाळी मावळा होतो. जेवणानंतर माणसं कमी पडली, तर मला दाढी चिकटवली, पगडी बदलली आणि मुघलांत उभं केलं.’’

मी विचारलं, ‘‘मग मेलास कुठल्या बाजूने?’’

‘‘दुपारच्या,’’ तो हसून म्हणाला. ‘‘मरायला मुघल जास्त लागतात.’’

मीही हसलो. पण त्याच आठवड्यात माझा दहा वर्षांचा भाचा सोसायटीच्या आवारातून खेळ अर्धवट टाकून वर आला. खाली लढाई-लढाई चालली होती. हातातली पुठ्ठ्याची तलवार सोफ्यावर टाकत त्याने विचारलं, ‘‘मामू, दरवेळी मीच मुघल का?’’

पोरं वाईट नाहीत. त्याच्याच बाकावर बसतात, ईदला आमच्याकडे शिरखुर्मा प्यायला येतात. त्यांनी पिक्चर पाहिला होता आणि त्यातल्या भूमिका वाटून घेतल्या होत्या. नावं पाहिली, वाटप केलं. साताऱ्याच्या त्या पोराला जेवणाच्या सुट्टीत पगडी बदलता येते. माझ्या भाच्याला येत नाही. हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं. संभाजी महाराजांना १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखानाने पकडलं ते याच संगमेश्वरात. अब्बा मुंबईच्या गोदीत कारकून होते आणि वाचनालयाचे पक्के वर्गणीदार. हरी नारायण आपटे, नाथमाधव, पुढे शिवाजी सावंत. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेले हे जाडे ग्रंथ आमच्या घरी येत आणि आठवडाभर घरातल्या घरात हात बदलत. नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले, कमरेखाली लुळे झाले आणि मग अंथरुणाला खिळून त्यांनी घोडदौडींच्या, भुयारांच्या, वेषांतरांच्या कादंबऱ्या लिहिल्या, ही गोष्ट अब्बा दरवेळी नव्याने सांगत. त्या कादंबऱ्या वाचताना मी कोण होतो? अर्थातच मावळा. दोर लावून कडा चढणारा, रात्री खलिता पोहोचवणारा. मला कुणी ‘तू त्या बाजूला जा’ म्हटलं नाही. पुस्तक वाचताना नाव कुणी विचारत नाही.

साहसकथेचे काही नियम असतात. नायक शूर असतोच, पण शत्रूही तोलामोलाचा लागतो, नाहीतर लढाईत मजा काय? अलेक्झांडर द्युमाची ‘थ्री मस्केटियर्स’ १८४४ ची. तिच्यातला कार्डिनल रिशेल्यू कपटी आहे, नायकाच्या वाटेत काटे पेरतो. पण शेवटी तोच नायकाचं कर्तृत्व ओळखून त्याला बढतीचा कागद देतो. हा द्युमा कोण? त्याची आजी कॅरिबियन बेटावरची गुलाम स्त्री होती आणि त्याचे वडील फ्रेंच सैन्यात जनरल झाले. ‘परकं’ ठरवलं जाणं काय असतं, हे त्या घराला ठाऊक होतं. त्याच कादंबरीवर २०११ मध्ये हॉलिवूडने जो सिनेमा केला, त्यात आकाशातून उडणारी जहाजं आली. तलवारी, स्फोट, उड्या सगळं वाढलं, माणसं तेवढी पातळ झाली. म्हणजे हा रोग केवळ आपला नाही. पण आपल्याकडे त्याची किंमत वेगळी आहे.

आपलंच उदाहरण घेऊ. हरिभाऊंची ‘गड आला पण सिंह गेला’ ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कादंबरी. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली तिच्यावर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात तरुण व्ही. शांताराम शेलारमामा झाले होते. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शांतारामांनी ‘प्रभात’साठी तो बोलपट म्हणून पुन्हा केला. आणि २०२० च्या जानेवारीत त्याच लढाईवर अजय देवगणचा ‘तान्हाजी’ आला.

आता ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीची माणसं पाहा. गडाचा किल्लेदार उदयभान राठोड हा राजपूत, मुघलांच्या चाकरीतला. गड मुघलांकडे गेला तो १६६५ च्या पुरंदरच्या तहात, आणि तो तह घडवला मिर्झाराजे जयसिंगांनी. म्हणजे त्या रात्री कड्यावर भिडलेले दोन्ही सरदार हिंदू होते. भांडण स्वराज्य आणि बादशाही यांच्यात होतं. चित्रपटाने उदयभानाचं राजपूतपण पुसलं नाही, पण त्याला काळे कपडे दिले, डोळ्यांत वेड भरलं, अख्खी मगर भाजून खायला लावली. त्याचं नाव राजपूत राहिलं, पण प्रेक्षकाच्या मनात तो कुठल्या कप्प्यात गेला हे सांगायला नको. ती भूमिका केलेल्या सैफ अली खाननेच पुढे मुलाखतीत सांगितलं की पडद्यावर जे आहे त्याला आपण इतिहास मानत नाही. काम त्याने झकास केलं होतं, त्याबद्दल वाद नाही.

मग १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ आला. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकरांचा. मी तो थिएटरात जाऊन पाहिला. विकी कौशलने जीव ओतलाय आणि शेवटी माझेही डोळे ओले झाले. ज्या मातीत आमची घरं आहेत तिथून तो राजा पकडून नेला गेला, मला रडू का येऊ नये? पण बाहेर पडताना मी आठवत होतो की अब्बांच्या त्या जाड पुस्तकातल्या आयुष्याचं काय झालं. कोवळ्या वयात आग्र्याहून निसटणं, राजवाड्यातली कारस्थानं, रागाच्या भरात दिलेरखानाच्या गोटात जाणं आणि तिथून परत येणं, ‘बुधभूषण’ लिहिणारा संस्कृतचा पंडित. दिलेरखानाचा पेच तर कुठल्याही कादंबरीकाराला हवासा वाटेल असा आहे. नायक चुकतो, शत्रूकडे जातो, पश्चात्तापाने परततो आणि पुढे त्याच शत्रूपुढे मान न झुकवता मरण पत्करतो. ती चूक दाखवली असती तर शेवटचं ते मरण आणखी मोठं झालं असतं. चित्रपट थेट बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून वेग घेतो, कारण तिथे हाणामारी आहे.

एक गोष्ट मात्र चित्रपटातही आहे आणि ती कुणाच्या लक्षात राहत नाही. औरंगजेबाचा सख्खा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून आला आणि त्याला आसरा दिला तो संभाजी महाराजांनी. मुघल शाहजादा मराठ्यांचा पाहुणा! द्युमाला हे मिळालं असतं तर त्याने यावरच तीन खंड लिहिले असते.

या चित्रपटावरून आक्षेपही झाले. ट्रेलरमधल्या लेझीमच्या नाचावर टीका झाली, तर तो काढला गेला. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली, तर दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. दोन्ही वेळा कादंबरीचा हवाला दिला गेला. आक्षेप घेणारे ऐकले गेले, हे चांगलंच झालं. मला एवढंच दिसतं की ज्याचे वंशज बोलू शकतात, त्याच्या चित्रणाची काळजी घेतली जाते. पडद्यावर नाव नसलेल्या, सुरमा घातलेल्या, मरण्यासाठीच आणलेल्या शेकडो सैनिकांचे वंशज कोण? इतिहासाप्रमाणे त्यांच्यात राजपूत होते, मराठेही होते. पण प्रेक्षकाने वारसदार ठरवून टाकलाय, आणि तो माझा भाचा आहे.

१७ मार्च २०२५ ला नागपुरात हिंसाचार झाला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा उसळला आहे, तरी सगळ्यांनी शांतता राखावी. सगळा दोष सिनेमाच्या माथी मारणं मला पटत नाही. दंगल माणसं करतात. पण त्याच मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणत होते, कारण पिक्चरमध्ये मुघलांचा खजिना दाखवला होता. आपण हसलो त्यांना. पण जो प्रेक्षक पडद्यावरचं सोनं शेतात शोधतो, तो पडद्यावरचा शत्रूही गल्लीत शोधणार. या दोन गोष्टी एकाच डोक्यातून निघतात.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. औरंगजेब माझा कुणी लागत नाही. त्याने भावांना मारलं, बापाला कैदेत टाकलं आणि संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. ते क्रौर्य खरं आहे आणि ते दाखवलं म्हणून माझी तक्रार नाही. मोबाइलवर स्टेटसला त्याचा फोटो ठेवणाऱ्या आपल्या पोरांना मी एवढंच विचारतो, की बाबांनो, पिक्चरवाल्यांनी तुम्हाला दिलेली भूमिका तुम्ही स्वतःहून का स्वीकारताय? पगडी चिकटवणारा एकजण आहेच, तुम्ही डिंक कशाला देता? आणि ‘इतिहास आमच्यावर अन्याय करतो’ असं नुसतं म्हणत बसण्यापेक्षा तो वाचा. मराठीत आहे, आपल्याच भाषेत.

वाचलात तर तिथे सिद्दी हिलाल भेटेल. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. बाहेरून तो वेढा फोडण्यासाठी जी फौज चालून गेली, तिच्यात नेताजी पालकरांबरोबर हा हिलाल होता, आणि त्याचा मुलगा वाहवाह. लढाईत वाहवाह जखमी झाला, शत्रूने त्याला पकडून नेलं आणि बापाला रिकाम्या हाताने परतावं लागलं. वेढा घालणारा सिद्दी, वेढा फोडायला जाणाराही सिद्दी. यापेक्षा मोठं नाट्य कुठल्या पटकथेत आहे? पावनखिंड आपण पडद्यावर पाहिली आणि पाहायलाच हवी. पण हिलालचा सिनेमा कुणी काढला नाही. महाराजांच्या आरमाराचा अधिकारी दौलतखान, त्याचाही नाही.

लांब कशाला जायचं? वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे मढचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधलेला, मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकलेला. तिथे कित्येक सिनेमांची शूटिंगं झाली. पण त्या किल्ल्याची गोष्ट कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. समुद्र आहे, कोळी आहेत, फिरंगी आहेत, भरती-ओहोटीच्या वेळा आहेत. साहसकथेला आणखी काय लागतं? १९३६ साली शांतारामांनी ‘अमर ज्योती’त दुर्गा खोटेंना समुद्री लुटारू केलं होतं. नव्वद वर्षांपूर्वी ज्यांच्या कल्पनेला एवढी हिंमत होती, त्यांच्या वारसांकडे आज कोट्यवधींचे व्हीएफएक्स आहेत आणि गोष्ट मात्र एकच.

ॲक्शनपट बंद करा, असं मी म्हणत नाही. मला ते आवडतात. किनाऱ्यावरच्या त्या पोरांची चूल त्यावर पेटते. बंदीची मागणी तर मुळीच नाही. आज त्यांच्या, उद्या आमच्या पुस्तकावर ती येते. माझं म्हणणं साधं आहे. कादंबरी घेताना तिच्यातल्या मारामाऱ्यांबरोबर तिच्यातली माणसंही घ्या. शत्रूला बुद्धी द्या, नायकाला चूक करू द्या, आणि त्याच्या सोबत्यांत इतिहासात जे होते त्या सगळ्यांना उभं राहू द्या. त्यासाठी काही नवं घडवायला नको. होतं ते वगळू नका.

त्या रात्री मी भाच्याला हिलाल आणि वाहवाहची गोष्ट सांगितली. ‘‘खरंच होते?’’ असं त्याने तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाली गेला आणि मी खिडकीतून पाहत राहिलो. बरीच वादावादी झाली. वर आला तेव्हा गुडघा फुटलेला होता.

‘‘ते म्हणाले, ठीक आहे, तू वाहवाह हो. पण मग तुला पकडून नेणार.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, नेलं पकडून,’’ तो म्हणाला आणि हात-पाय धुवायला गेला. ‘‘पण उद्या मला सोडवायला येणार आहेत सगळे.’’