भोक मोठे, दम छोटा

गाडीला ‘दम’ यावा म्हणून सिलिंडर हेड उघडून हवेची वाट कोरून घेण्याचे वेड पुण्या-कोल्हापूरच्या तरुणांना नवे नाही. ‘पोर्टिंग करून दे’ एवढे सांगितले की ग्राइंडर सुरू होतो, ॲल्युमिनियमचा कीस पडतो आणि चकचकीत हेड मालकाच्या हाती येते. हवा जास्त म्हणजे ताकद जास्त, हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

१५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन ९,००० आरपीएमवर फिरते तेव्हा सेकंदाला ७५ वेळा श्वास घेते. एका श्वासाला मिळतो सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग. एवढ्यात सिलिंडर भरतो तो केवळ रुंद वाटेमुळे नव्हे, तर हवेच्या वेगामुळेही. धावती हवा पिस्टन वर वळल्यावरही काही क्षण आत घुसत राहते. २५ मिलिमीटर व्यासाची वाट २७.५ केली, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. शहरात गाडी बहुतेक वेळ कमी आरपीएमवर चालते. तिथे हवा मंदावली की पेट्रोल नीट मिसळत नाही. पिकअप आणि ॲव्हरेज दोन्हींना फटका बसतो. वरच्या आरपीएमला थोडी ताकद मिळतेही, पण ती वापरायला दोन सिग्नलमधला रस्ता पुरत नाही.

खरे पोर्टिंग हे मोजमापाचे काम आहे. इंग्लंडचे हॅरी वेस्लेक हवेचा प्रवाह मोजून हेड घडवण्यासाठी नावाजले. १९४८ मध्ये आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागे त्यांचे काम होते. फ्लो बेंचवर व्हॉल्व्ह थोडा थोडा उचलून हवा मोजली की अडथळा कुठे आहे ते कळते. तो बहुधा व्हॉल्व्ह सीटजवळ किंवा वळणाच्या आतल्या बाजूला असतो. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेड यांची भोके जुळली नाहीत, तर मधली कड उंबरठ्यासारखी आडवी येते. ती जुळवणे उपयोगाचे; आरशासारख्या चकाकीने मात्र इनटेकमध्ये फारसा फरक पडत नाही. शिवाय कोरलेला धातू परत येत नाही.

हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या आसपासच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत इंधनाचे गणित मूळ हेड धरून बसवलेले असते. ऑक्सिजन सेन्सर थोडेफार सांभाळून घेतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळला की तो आधारही बहुधा सुटतो. मग कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल मागच्या रिक्षावाल्याच्या, चौकातल्या पोलिसाच्या छातीत जाते. दुचाकीची पीयूसी तपासणी मात्र गाडी उभी आणि इंजिन मंद असताना होते. त्यामुळे खिशातले प्रमाणपत्र धावत्या गाडीबद्दल फारच थोडे सांगते. ही तपासणी इंजिनावर भार असताना व्हायला हवी.

मोटार वाहन कायद्यानुसार परवानगी नसलेल्या बदलाला, दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण नुसत्या धाकाने हे वेड थांबणार नाही. या हातांच्या कौशल्याला ट्रॅकवर जागा मिळायला हवी. शर्यतीच्या गाडीला पोर्टिंग शोभते. तिथेही ग्राहकाने पैसे देण्याआधी आधीच्या आणि नंतरच्या प्रवाहाचे आकडे मागावेत. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला स्वच्छ एअर फिल्टर, कार्बन काढलेले हेड आणि नीट बसलेले व्हॉल्व्ह पुरेसे आहेत. तिचा दम वाढवण्यासाठी शेजाऱ्याचा दम कोंडण्याची गरज नाही.